तात्यांचं शून्य

गुरुवार, रात्री ११

सकाळी साडेसहाला तात्यांचा फोन. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे ते सचिव. दूध घातल्यावर सभासदांना मोबाइलवर मेसेज पाठवणारी त्यांची यंत्रणा मी सांभाळते. "ताई, संकलन सुरू होऊन पाऊण तास झाला, एकालाबी मेसेज न्हाई. माणसं डेअरीतनं हलंनात." लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि रक्कम, एवढाच तो मेसेज. पण दर मुख्यतः फॅटवर ठरतो, म्हशीचं दूध घालणारा माणूस तो आकडा बघितल्याशिवाय घरी जात नाही. आमची आईसुद्धा नाही.

तशीच राजारामपुरीतल्या ऑफिसात आले. शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी मेसेजची कामं चालवणारा आमचा प्रोग्राम, बंद. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, काल रात्री ९:१२ ला एकच एरर पाच वेळा, 'शून्यानं भागाकार', आणि त्यापुढं काहीच नाही. सिस्टमडी, म्हणजे बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणारं लिनक्समधलं साधन, त्याला उठवत होतं, तो पडत होता. दहा सेकंदांत पाचदा असं झाल्यावर सिस्टमडीनं नाद सोडला. काही बंद पडलं तर मला कळवणारं कामही याच शेड्युलरमध्ये होतं, त्यामुळं रात्रभर मला पत्ता नाही. हे सगळ्यात जास्त लागलं.

कामांच्या नोंदी असलेल्या डेटाबेसच्या टेबलात एका ठिकाणी '१५' असं मराठी आकड्यात टाइप केलेलं दिसलं. हेच असणार म्हणून अर्धा तास त्यात गेला. शेवटी पायथनमध्ये, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिच्यात, मजकुराचा आकडा करणारं 'इंट' नुसतं लावून बघितलं, तर बिनतक्रार पंधरा आले. देवनागरी आकडे ते सरळ वाचतं. मग खालची ओळ दिसली. वार्षिक सभेची सूचना, आणि 'किती मिनिटांनी पुन्हा' या रकान्यात '०'. तेही त्यानं तितकंच नीट वाचलं होतं. पुढची वेळ काढताना आम्ही गेलेल्या मिनिटांना अंतरानं भागून बाकी घेतो. अंतरच शून्य म्हटल्यावर बाकी कुठली निघणार!

तात्यांना विचारलं. "एकदाच पाठवायचा हुता की. परत नगो म्हणून शून्य घातला."

बरोबरच आहे त्यांचं. 'पुन्हा किती' म्हटल्यावर शून्य म्हणजे पुन्हा नको, हाच सरळ अर्थ. चूक फॉर्मची, म्हणजे माझी. आणि एका सभेच्या सूचनेपायी सगळ्या सभासदांचे मेसेज अडावेत, हे तर मुळीच पटणारं नाही.

दुपारी उणे पाच घालून बघितलं. तिथं क्रॅश होत नाही, पण पुढची वेळ मागं जाते आणि तेच काम न थांबता चालत राहतं. एकाच माणसाला शंभर मेसेज गेले असते. शून्यापेक्षा हे वाईट, कारण लॉगमध्ये एरर दिसतच नाही.

आता एकपेक्षा कमी किंवा रिकामं अंतर फॉर्मच घेत नाही. जुन्या नोंदींतलं एखादं काम बिघडलेलं निघालं तर तेवढंच बाजूला पडतं, त्याचं नाव लॉगमध्ये येतं, बाकीची चालू राहतात. मला कळवणारं काम वेगळं काढून क्रॉनवर, म्हणजे लिनक्समध्ये ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनावर, टाकलं. सगळंच क्रॉनवर का नाही, असं ऑफिसातली पोरं विचारत होती. तिथं दर ४५ मिनिटांनी असं सांगता येत नाही. तसं लिहिलं तर क्रॉन प्रत्येक तासाच्या ० आणि ४५ व्या मिनिटाला धावतो, म्हणजे मधलं अंतर एकदा ४५ आणि एकदा १५.

संध्याकाळी सहाला आईचा मेसेज तिच्या मोबाइलवर आला. म्हैस, ४.५ लिटर, फॅट ६.८. तिनं फोन करून वाचून दाखवला.

फॉर्मवर शून्याच्या जागी काय लिहू, असं तात्यांना विचारलं. "'एकदाच' एवढंच लिव्हा," म्हणाले. तेच लिहिलंय. उद्या पहाटे साडेपाचला, संकलन सुरू व्हायच्या आधी, लॉग बघायचा आहे.