'सरदार उधम' न बघणाऱ्यांना सांगताना

मी अंध मुलामुलींच्या एका संस्थेत काम करते, सगळी कॉलेजला जाणारी आहेत, आणि अधूनमधून आम्ही हॉलमध्ये सिनेमा लावतो. मी माईक घेऊन बाजूला बसते आणि दोन डायलॉगच्या मधे जी जागा मिळेल तेवढ्यात पडद्यावर काय चाललंय ते सांगते. डायलॉगवर बोलायचं नाही, दिसतंय तेवढंच सांगायचं, माणसाच्या मनात काय चाललं असेल ते आपण ठरवायचं नाही. त्या दिवशी मुलांनीच मागितलेला शुजित सरकारचा 'सरदार उधम' होता, 2021 चा, विकी कौशलवाला.

सुरुवातीलाच नावांचा गोंधळ झाला. डायर आणि ओड्वायर. बघणाऱ्याला दोन चेहरे दिसतात पण नुसतं ऐकणाऱ्याला दोघं एकच वाटतात, म्हणून मग मी प्रत्येक वेळी "युनिफॉर्ममधला डायर", "सूटातला म्हातारा ओड्वायर" असं म्हणत राहिले. एकदा तर सिनेमा थांबवूनच सांगितलं की 13 एप्रिल 1919 ला जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा डायर 1927 मधेच आजारपणात गेला, आणि उधम सिंगने 13 मार्च 1940 ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधे ज्याला मारलं तो मायकेल ओड्वायर, गोळीबाराच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, ज्याने डायरची कायम पाठराखण केली. निम्म्या मुलांना हे नवीन होतं. खरं सांगायचं तर डोळस लोकांचाही इथेच घोटाळा होतो.

कॅक्स्टन हॉलचा सीन सिनेमात बराच लवकर येतो. क्रांतिकारकाच्या सिनेमात गोळी म्हणजे क्लायमॅक्स, मुलं टाळ्या वाजवणार असं मी धरून चालले होते, पण कुणी वाजवल्या नाहीत. माणूस एकदम शांतपणे गोळ्या झाडतो, पकडला जातो, नाव विचारल्यावर मोहम्मद सिंग आझाद सांगतो. मला दिग्दर्शकाचं हेच फार पटलं, सूड आधी उरकून टाकलाय आणि कारण शेवटापर्यंत राखून ठेवलंय.

मग शेवटी बागेची रात्र. इथे डायलॉग जवळजवळ नाहीतच, आणि सीन संपतच नाही. पोरगेलासा उधम प्रेतांमधून फिरतोय, कुणी जिवंत आहे का विचारतोय, जखमींना उचलतोय, हातगाडीवर घालून नेतोय, परत येतोय, परत उचलतोय. मी तेच तेच सांगत होते, "अजून एक. हा लहान आहे. परत बागेत आला." थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "ताई, आता नका सांगू, कळतंय." मी माईक बंद केला. कण्हणं आणि त्याचा श्वास, हॉलमधे एवढंच ऐकू येत होतं. मी इतके सिनेमे सांगितलेत पण मला गप्प बसवणारा हा पहिलाच.

संपल्यावर भांडण जुंपलं. एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा चिडलेला, म्हणे आम्ही वाचलंय की उधम गोळीबाराच्या वेळी बागेतच होता, लोकांना पाणी वाटत होता, मग इथे तो नंतर का येतो? मी म्हटलं पाण्याची गोष्ट वर्षानुवर्षं सांगतात पण तो तिथे होता का यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि सिनेमाने स्वतःचा रस्ता काढलाय, ती हातगाडी पण कल्पनाच समजा. पण रात्र खरी आहे. 1650 गोळ्या झाडल्या, सरकारी आकडाच 379 मेलेल्यांचा, आणि वर रात्री कर्फ्यू, त्यामुळे जखमींना आणायला घरचे जाऊ शकत नव्हते. रतनदेवी नावाच्या बाईने काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिलीय, ती रात्रभर नवऱ्याच्या मृतदेहापाशी बसून होती, हातात बांबू घेऊन कुत्री हाकलत.

त्यावर तो म्हणाला मग सिनेमा तिच्यावर काढायचा ना, उधमच्या अंगावर कशाला घातलं सगळं? प्रश्न चोख होता. माझं मत विचाराल तर 21 वर्षं एक माणूस कशाच्या जोरावर थांबला हे दाखवायला ती रात्र त्याच्याच खांद्यावर द्यायला हवी होती, भाषणं देऊन ते झालं नसतं. त्याला हे काही पटलं नाही. त्याला रतनदेवीची अख्खी साक्ष हवीय, ती मी मराठीत करून ऑडिओ रेकॉर्ड करायला घेतलीय, आणि वाचन त्यानेच तपासायचं असं ठरलंय.