कूलर बंद न करता हेडसेटचा आवाज स्वच्छ: आतापर्यंत कुठवर आलो

तर मंडळी, हेडसेटच्या माइकचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय. ग्रूपमधल्या दोघातिघांनी सेटिंग मागितलीय, प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात, आम्ही रात्री जेवणं झाली की डिस्कॉर्डवर (खेळताखेळता ग्रूपमधे बोलायचं अॅप) जमतो, कोणी जळगावात, कोणी चोपड्यात, कोणी शिरपूरला, एक जण कामासाठी सुरतला, गेम चालू असतो आणि निम्म्या गप्पा अहिराणीत चालतात. गेममधे "जिन्यावर आहे, जिन्यावर" हे ऐन वेळी नीट ऐकू नाही आलं की राउंड गेलाच समजा, आणि "भो, तुना आवाज फाटी राहिना" हे वाक्य उन्हाळ्यात रोज कोणाला ना कोणाला ऐकावं लागतं.

माइकचा कुठलाही व्हिडिओ उघडा, पहिला सल्ला हाच की पंखा आणि एसी बंद करा. आता मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, रात्री दहालाही भिंती गरम लागतात, कूलर बंद करून कोण बसणार? त्यामुळे मी अटच घातली होती की कूलर चालूच राहणार, तोही फुल स्पीडवर, आणि जे काही करायचं ते त्यातूनच करायचं.

आधी वायरिंग. माझा हेडसेट साधा वायरचा, तोंडापुढे दांडी असलेला, ३.५ एमएमची एकच पिन. या पिनवर तीन काळ्या रिंगा असतात म्हणजे चार भाग, टोकाला डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड आणि सगळ्यात मागे माइक. जुन्या डेस्कटॉपला मात्र गुलाबी (माइकचं) आणि हिरवं (हेडफोनचं) अशी दोन वेगळी भोकं, ही पिन थेट हिरव्यात लावली तर गाणी ऐकू येतात पण माइक मुका राहतो. त्याला वाय स्प्लिटर लागतो, म्हणजे एकाच्या दोन पिना करणारी छोटी वायर, जळगावच्या गोलाणी मार्केटात सहज मिळते, फक्त हेडफोन-माइकवाला मागा, दोन हेडफोन लावायचा देतील तर उपयोग नाही. स्प्लिटरने माइक चालू झाला पण सीपीयूच्या पुढच्या जॅकवर मागून बारीक किरकिर येत होती, माउस हलवला की बदलायची. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून मदरबोर्डापर्यंत जाते आणि वाटेतला सगळा इलेक्ट्रिकल कचरा गोळा करते. मग छोटा यूएसबी साउंड कार्डाचा डोंगल घेतला, म्हणजे यूएसबीत लावून हेडसेट त्यालाच जोडायचा, आणि किरकिर गायब. माझ्या मते नवीन महागडा हेडसेट घेण्याआधी प्रत्येकाने हे करून बघावं, खूप जणांचा हेडसेट चांगलाच असतो, जॅक खराब असतो.

आता खरी गोष्ट, ज्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि ज्याने सगळ्यात जास्त फरक पडला: माइक तोंडापासून किती लांब ठेवायचा. हिशोब सरळ आहे, तोंड आणि माइक यातलं अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत पोचणारा तुमचा आवाज साधारण ६ डीबीने (डेसिबल, आवाज मोजायचं माप) वाढतो, पण खिडकीतल्या कूलरचा आवाज होता तेवढाच राहतो कारण त्याचं अंतर बदललेलंच नसतं. मग गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते सेटिंग) तेवढाच ६ डीबीने खाली घेतला की तुमचा आवाज पहिल्याइतका आणि कूलर ६ डीबीने खाली. कुठलंही सॉफ्टवेअर न लावता, फुकटात! मी दांडी चार बोटांवरून दोन बोटांवर आणली. पण तोंडाच्या बरोब्बर समोर नाही, ओठाच्या कोपऱ्याजवळ आणि जरा खाली, कारण समोर ठेवला तर प, फ, ब, भ म्हणताना निघणारा हवेचा झोत थेट माइकवर आदळतो आणि समोरच्याच्या कानात धप्प वाजतं. आपल्याकडे दर दुसरं वाक्य "भो" ने सुरू होतं, तेव्हा हा धप्पा किती वेळा बसतो विचार करा. कोपऱ्यात ठेवला की झोत बाजूने निघून जातो, नाकातला श्वासही लागत नाही.

तपासायची पद्धत अशी. ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर) रेकॉर्ड लावायचं, आधी काही सेकंद एकदम गप्प बसायचं, मग नेहमीच्या आवाजात बोलायचं, मग गेममधे ओरडतो तसं एकदा ओरडायचं. गप्प असताना मीटर जिथे थांबतो तो तुमचा कूलर. माझा आधी -४० च्या आसपास थांबायचा, आता -५० च्याही खाली जातो. हे आकडे डीबीत असतात आणि ० ही वरची हद्द, ओरडल्यावर मीटर ० ला टेकता कामा नये, टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कशानेच शिवता येत नाही. बोलताना -१२ च्या आसपास राहिला की मस्त. विंडोजमधे माइकच्या प्रॉपर्टीजमधे लेव्हल्स म्हणून टॅब आहे, तिथे माइक बूस्ट दिसत असेल तर तो ० करा, +२० वर ठेवला तर आवाजाबरोबर कूलर आणि सळसळही तेवढीच वर येते. मग साउंडच्या मुख्य विंडोत कम्युनिकेशन्स टॅबमधे डू नथिंग निवडा, नाहीतर कॉल चालू झाला की विंडोज गेमचा आवाज आपणहून कमी करतो आणि आपण हेडसेटला शिव्या देत बसतो.

फोम लावायला विसरू नका. कूलरचा आवाज वेगळा आणि कूलरचा वारा वेगळा, वारा थेट माइकवर लागला की घुर्र घुर्र अशी जाड घरघर येते. काळ्या फोमची टोपी अगदी स्वस्तात मिळते. मी खुर्चीही अशी वळवली की वारा पाठीवर येतो, तसंही पाठीवरच बरा वाटतो. एवढं करूनही थोडी घरघर उरली होती ती इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमधे १०० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे जाड आवाज कापणारा फिल्टर) टाकून काढली.

आता डिस्कॉर्ड. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे सांगतात क्रिस्प (डिस्कॉर्डमधलं मागचा गोंगाट काढायचं सेटिंग) चालू करा आणि विसरून जा. क्रिस्प कूलर काढतो हे खरंय, मीपण वापरतो. पण श, स, फ आणि ख, थ, ठ मधली हवा ही ऐकायला कूलरच्या सळसळीसारखीच असते, त्यामुळे मागे कूलर जोरात असेल तर सॉफ्टवेअर दोघांनाही एकत्रच झाडून काढतं. मग "ठीक" चं "टीक" होतं, वाक्यांची शेपटं गळतात, कोणी गाणं म्हणायला लागलं तर ते मधूनमधून गायबच होतं. म्हणून आधी दांडी, गेन आणि फोम नीट करायचे, त्यानंतर क्रिस्प लावायचा, मग त्याला काढायला फार काही उरत नाही आणि तो तुमची अक्षरं खात नाही. डिस्कॉर्डचं ऑटोमॅटिक गेन कंट्रोल (गेन आपणहून कमीजास्त करणारं) मी बंद केलंय, कारण आपण गप्प बसलो की ते गेन चढवत जातं आणि कूलर हळूहळू फुगत येतो. इनपुट सेन्सिटिव्हिटी (किती मोठ्या आवाजाला माइक उघडायचा ती पातळी) ऑटोवर न ठेवता हाताने सेट केली, कूलरच्या जरा वर. हे सगळं झाल्यावर शिरपूरवाला आपणहून म्हणाला, "आते चांगलं ऐकू यी राहिनं."

बाकीच्यांचं थोडक्यात. सुरतच्या भाऊला ब्लूटूथ इयरबड्स आहेत, त्याचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा येतो, कारण माइक चालू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट कॉलवाल्या मोडमधे जातात आणि तिथे आवाजाचं सॅम्पलिंग (सेकंदाला किती वेळा आवाज मोजला जातो) ८ किंवा १६ किलोहर्ट्झच असतं, म्हणून बारीक आवाज गळतात. सेटिंगने सुटणार नाही, वायरचा घ्यावा लागेल. चोपड्याच्या मित्राला सतत हुंऽऽ असा आवाज यायचा, लॅपटॉपचं चार्जर काढलं की बंद. तो आपल्या लाइटीचा ५० हर्ट्झचा हम (विजेची गुणगुण), आणि त्याच्या घरच्या सॉकेटला अर्थिंगच धड नव्हतं. इलेक्ट्रिशियनने बघितलं तर अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग कमजोर पडतं, त्यात पाणी टाकावं लागतं. पाणी टाकल्यावर हम बराच कमी झाला. कोणी सल्ला दिला की तिसरी पिन काढून टाक, तर अजिबात ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

उरलेलं काम: कूलरचा पाण्याचा पंप सुरू-बंद होताना माइकमधे एक खट्ट येतो. कूलर आणि सीपीयू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत, आधी ते वेगळे करून बघणार. तुमच्यापैकी कोणी हे केलं असेल तर फरक पडला का ते सांगा, आणि आधीचं-नंतरचं रेकॉर्डिंग असेल तर तेही टाका, कूलर चालू असतानाचं.