विरलेलं कोपर आणि धावदोरा

शिवणातला एकच टाका मला नीट येतो, धावदोरा. तेवढ्या भांडवलावर पावसाळ्यापासून मी घरातले जुने कपडे दुरुस्त करतोय आणि पुष्कळ काम त्यावर भागतं.

आधी कपड्याला नेमकं काय झालंय ते बघायचं. शिवण उसवली असेल तर आतून उलटी टीप घातली की झालं. मोठं भोक असेल तर ते रफूवाल्याचं काम. आपल्यासारख्या नवख्याने हात घालावा तो विरलेल्या कपड्यात. माझा निळा खादीचा सदरा कोपरावर इतका विरला होता की उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसायची. पण अजून फाटला नव्हता, आणि दुरुस्तीची खरी वेळ तीच.

ठिगळाला कोरं कापड घेऊ नकोस, हे आईने आधीच बजावलं होतं. कोरं सुती कापड धुतल्यावर आटतं. शिवाय जुन्यापेक्षा ते दणकट, त्यामुळे सगळा ताण कडेला येतो आणि ठिगळाच्या शेजारीच सदरा फाटतो. म्हणून जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला, विरलेल्या भागापेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठा. कोपरे गोल कापले, म्हणजे ते उचकटत नाहीत. तुकडा आतून लावून कच्च्या टाक्यांनी धरला.

भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले तीन पदर सोडवून घेतले. बाहीत पुठ्ठा सरकवला, नाहीतर बाहीच्या दोन्ही बाजू एकत्र शिवल्या जातात. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे, दोरा ओढायचा, अंगठ्याने कापड सपाट करायचं, की पुढचे टाके. प्रत्येक ओळ विरलेला भाग ओलांडून चांगल्या कापडापर्यंत न्यायची. ओळ संपून वळताना दोरा जरा सैल सोडायचा. धुण्यात तो थोडा आटला तरी चुण्या पडत नाहीत आणि कोपर वाकवताना काचत नाही.

दोरा मी मुद्दाम लाल घेतला. आजीने बाहीवरून हात फिरवला आणि विचारलं, "अरे, घरात निळा दोरा नव्हता का?" तिचं बरोबर आहे. तिच्या तरुणपणी नऊवारी मध्यावर विरली की तेवढा भाग कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे जोडून दंड घालायचा आणि नेसताना तो निऱ्यांत दडवायचा. तेव्हा नवं लुगडं घेण्याइतके पैसे नव्हते. मी हौसेने लाल ओळी मिरवतो, हा फरक मला पुसायचा नाही. पण ज्या धावदोऱ्याने तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, तो बाहीवर दिसावा असं मला मनापासून वाटतं. थंडीमुळे कापूस न पिकणाऱ्या उत्तर जपानातही बायकांनी याच टाक्याने कापडाचे थर जोडले. तिकडे त्याला साशिको म्हणतात, आणि निळ्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या त्या ओळी आज लोक कौतुकाने बघतात.

दुसरी बाही आजीच्या देखरेखीखाली झाली. ओळी तिरप्या जाऊ नयेत म्हणून ती विणीतलं एक सूत नखाने दाखवायची आणि त्याला धरून शिवायला लावायची. आता कपाटात एक पांढरा शर्ट आहे, कॉलर घडीवर झिजलेली. ती पट्टीपासून उसवून, उलटवून पुन्हा बसवायची आहे. त्यासाठी आधी टीप शिकतोय, जुन्या उशीच्या अभ्र्यावर.