राजाच्या पोटावरचं ऊन

कुत्र्याची कातडी लाल दिसली की मालकाच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘खरूज’. सोलापुरात चादरींचा कारखाना असलेले एक काका त्यांच्या सात वर्षांच्या डाल्मेशियनला, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या राजाला, घेऊन आले तेही हेच म्हणत. पोटावर आणि जांघेत लाल फोड, खपल्या, मधूनच रक्त. वर्षभरात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. फाइलमध्ये आयव्हरमेक्टिनच्या, म्हणजे खरजेचे किडे मारणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनांची रांग होती, पण स्क्रेपिंग केल्याची नोंद कुठेच नव्हती. ब्लेडने कातडी हलकेच खरवडायची आणि ते स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं, एवढंच तर काम. दहा मिनिटं लागतात. तरी आम्हा पशुवैद्यांतले बरेच जण माइट, म्हणजे खरजेचा सूक्ष्म किडा, न बघताच माइटचं औषध टोचत राहतात, याचा मला फार राग येतो.

मी स्क्रेपिंग केलं. पॅराफिनच्या थेंबात एकही माइट सापडला नाही. चिकटपट्टीवर घेतलेल्या नमुन्यात गोल जिवाणू आणि पुवाच्या पेशी भरपूर होत्या. अँटिबायोटिक दिलं की राजाला बरं वाटायचं आणि बंद केलं की पुन्हा सुरू व्हायचं, त्याचा उलगडा झाला. संसर्ग वरवरचा होता. मूळ दुखणं त्याच्या खाली होतं.

ते बोटांना सापडलं. राजाला पाठीवर झोपवलं आणि मी पोटावरून सावकाश बोटं फिरवली. पांढऱ्या कातडीवर जाड, पॉलिश पेपरसारखी खरखर लागली, आत हरभऱ्याएवढ्या गाठी. काळा ठिपका आला की एकदम मऊ, चिमटीत धरता येईल अशी निरोगी कातडी. ठिपका संपला की पुन्हा खरखर. डोळे मिटूनही ठिपक्यांचा नकाशा काढता आला असता. काकांचं बोट धरून मी तेच त्यांना दाखवलं. माइट असोत, बुरशी असो, कातडीचा रंग बघून ती अशी काठावर थांबत नाहीत. उन्हाचं मात्र तसं असतं. ठिपक्यातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीचा काळा रंग, उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं, पांढऱ्या कातडीला तो आधार नाही. त्यात कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर जेमतेम तीन ते पाच पेशींचा, आपला दहा-पंधरा पेशींचा. त्याची भिस्त सगळी केसांवर, आणि पोटावर केस जवळजवळ नसतातच.

“पण डॉक्टर, पोटाला ऊन लागेलच कसं?” काकांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणून संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर गेलो. खाली घर तापू नये म्हणून सगळ्या गच्चीला पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग मारलेलं. राजासाठी ताडपत्रीची सावली, पाण्याची मोठी घमेली, सगळं व्यवस्थित. पण अतिनील किरण पांढऱ्या जमिनीवरून परततात आणि सावलीतही शिरतात. थंडीत तर तो रोज अकराच्या सुमाराला स्वतःहून उन्हात जाऊन उताणा पडायचा. हवा गार असली म्हणून इथल्या दुपारच्या उन्हातले हे किरण काही नाहीसे होत नाहीत.

तिथेच काकांनी विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. “मुक्या जनावराला सगळं कळतं म्हणतात. याला त्रास होत असता तर हा स्वतःहून गेला असता का उन्हात?” मी सांगितलं की ऊब लगेच जाणवते आणि कातडीची नासाडी वर्षानुवर्षं न दुखता होत राहते. उत्तर शास्त्राला धरून होतं. काकांच्या चेहऱ्यावरून मात्र ते पुरेसं वाटलं नाही.

जांघेतली एक गाठ फुटलेली होती, ती भूल देऊन पूर्ण काढली. बाकी दोन ठिकाणी पंच बायोप्सी घेतली, म्हणजे गोल पात्याने कातडीचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढला. आमच्या कंपाउंडरने नेहमीप्रमाणे स्पिरिटचा बोळा हातात घेतला होता, त्याला थांबवलं. कातडीच्या बायोप्सीत जागा घासून पुसायची नसते. वरच्या खपलीतच निम्मी माहिती असते, ती पुसून टाकली तर पॅथॉलॉजिस्टने बघायचं काय? दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये नमुने बुडवून पुण्याला पाठवले. दोन्ही पंच बायोप्सींमध्ये उन्हाने झालेले कर्करोगपूर्व बदल होते. फुटलेली गाठ स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे कातडीच्या कर्करोगाची निघाली, पण काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, तिथे कर्करोगाच्या पेशी नव्हत्या.

संसर्गासाठी सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक चार आठवडे चाललं, ते सोपं होतं. अवघड होतं ऊन बंद करणं. सकाळी नऊ ते दुपारी चार राजा घरात. बाकी वेळी अंगात कपडा. पातळ पांढरा बनियन कुचकामी, त्यातून किरण आरपार जातात. काकूंनी कारखान्यातलंच घट्ट विणीचं गडद निळं सुती कापड घेऊन पोट झाकणारा, पाठीवर बंद बांधायचा अंगरखा शिवला. इतका नेमका बसलेला कपडा मी विकतचाही पाहिलेला नाही.

मलमाचं मात्र हात जोडून सांगावं लागलं, कारण शेजाऱ्यांनी कॅलामाइन आणून दिलं होतं. त्यात झिंक ऑक्साइड असतं. आपल्या बऱ्याच सनस्क्रीनमध्येही असतं, काहींत सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं रसायन. कुत्रं चाटणारच, आणि पोटात गेलेलं झिंक तांबड्या पेशी फोडतं. नाकाला आणि कानांच्या टोकांना लावायचं असेल तर कुत्र्यांसाठी बनवलेलंच, आणि वाळेपर्यंत त्याला खेळवत ठेवायचं. उन्हाळ्यात ‘गार वाटेल’ म्हणून हस्कीचे केस पार्लरमध्ये मुळापासून उतरवून आणणाऱ्यांनाही मी हेच सांगून थकलो आहे. ते केसच त्याची छत्री असतात.

दर तीन महिन्यांनी राजा येतो. फोड गेले, खरखर बरीच कमी झाली. परवा डाव्या जांघेत दोन बारीक नव्या गाठी हाताला लागल्या. जुन्या उन्हाचा हिशोब आता अंगरखा घालून पुसता येत नाही. मी लगेच काढू म्हणतो. काका म्हणतात, पुन्हा भूल नको, महिनाभर बघू. एक गाठ मी सुईने तपासायला घेतली आहे. त्यात संशयास्पद पेशी दिसल्या तर महिना थांबायला मी तयार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.