डेटा गोळा करायच्या आधीच लिहून ठेवा, पुढे तो सांभाळणार कोण

आमच्या डिपार्टमेंटमध्ये सध्या सिनॉप्सिसची, म्हणजे पीएचडीच्या आराखड्याची, धावपळ चालू आहे. माझ्याकडे जी मुलं येतात ती सॅम्पल किती घेऊ, प्रश्नावली मराठीत करू का, कुठलं सॉफ्टवेअर वापरू, हे सगळं विचारतात, अगदी मनापासून विचारतात, पण तीन-चार वर्षं उन्हापावसात फिरून जे जमवणार ते सबमिशननंतर कुठे राहणार हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. थीसिसची सोय आहे. २००९ पासून यूजीसीने इलेक्ट्रॉनिक कॉपी देणं बंधनकारक केलंय आणि ती शोधगंगावर, म्हणजे थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर, जाते. पण ज्या मुलाखतींवर आणि सर्व्हेवर तो थीसिस उभा असतो त्या बहुतेक वेळा कुणाच्या तरी लॅपटॉपमध्येच राहतात, आणि मग लॅपटॉप बदलतो, नोकरी लागते, लग्न होऊन माणूस पुण्याला नाहीतर परदेशात जातो.

म्हणून मी हल्ली प्रत्येकाला सांगते की पहिली मुलाखत घ्यायच्या आधी दोन पानं लिहा. डेटा मॅनेजमेंट प्लॅन म्हणतात त्याला, नाव जड आहे पण आत साध्याच गोष्टी असतात: काय जमवणार, कुठल्या फाइलमध्ये, नावं कशी देणार, कॉपी कुठे ठेवणार, कुणाला बघू देणार आणि तुम्ही गेल्यावर कोण बघणार. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच सगळे कोरं ठेवतात.

एक उदाहरण सांगते. लालबाग-परळच्या चाळींमधल्या पाण्याचा एक जुना सर्व्हे माझ्याकडे आला होता, एका विद्यार्थिनीला त्याच चाळींचा पुन्हा अभ्यास करायचा होता आणि जुने आकडे मिळाले तर तुलना करता येणार होती. एक्सेल शीट उघडली, अगदी व्यवस्थित भरलेली, एकही ओळ रिकामी नाही. कॉलमची नावं पाणी_१, पाणी_२, पाणी_२अ. पाणी_१ च्या खाली १, २, २, ९, १, ९, ३ असे आकडे. आता हे ९ म्हणजे काय? नऊ तास पाणी येतं की 'उत्तर दिलं नाही'? सर्व्हेवाले उत्तर नसेल तर ९ किंवा ९९ टाकतात हे आम्हाला माहीत आहे, पण हा प्रश्न तासांचा असेल तर ९ हे खरं उत्तरही असू शकतं, चाळीने टाकी बांधून घेतली असेल तर असतंही. चार घरांची उत्तरं १, २, २, ९ अशी असतील तर सरासरी साडेतीन तास निघते, तेच ९ काढून टाकला तर पावणेदोनच्याही आत. म्हणजे एका आकड्याचा अर्थ लिहिला नाही म्हणून चाळीत पाणी बरं येतं की वाईट येतं हेच उलटंपालटं होतं. कोडबुक, म्हणजे कुठल्या आकड्याचा काय अर्थ त्याची यादी, बनवलेलं होतं म्हणे, पण ते शीटसोबत नव्हतं, वेगळ्या वर्ड फाइलमध्ये होतं आणि ती फाइल काही शेवटपर्यंत सापडली नाही. त्या मुलीने तो कॉलम सोडून दिला. शंभरेक घरांमध्ये जिने चढून कुणीतरी विचारलेला प्रश्न होता तो, आणि उत्तर देणाऱ्या बायकांनी स्वयंपाक बाजूला ठेवून वेळ दिला होता.

याच्या बरोब्बर उलट गोष्ट आपल्याच मुंबईत आहे आणि ती जास्त लोकांना माहीत असायला हवी असं मला फार वाटतं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली आणि १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद व्हायला लागली. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती, माणूस बसून ठरलेल्या वेळी बघणार आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहिणार. आणि आधीच ठरलेलं होतं की चुंबक नेहमीपेक्षा जास्त हलायला लागला तर तासाची वाट न बघता काही काही मिनिटांनी रीडिंग घ्यायचं. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावरून आलेलं ते प्रचंड चुंबकीय वादळ झालं, ज्याला आता कॅरिंग्टन वादळ म्हणतात, तेव्हा कुलाब्याच्या माणसांनी ठरल्याप्रमाणे भराभर रीडिंग घेतली. कशासाठी उपयोगी पडतील हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. पुढे २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी काढून त्या वादळाची ताकद मोजली, चुंबकीय क्षेत्रात जवळपास १६०० नॅनोटेस्लाची (हे क्षेत्र मोजायचं एकक) घट कुलाब्याला नोंदली गेली होती. आज उपग्रह आणि वीज यंत्रणा अशा वादळात टिकतील का याचा विचार करताना जगभरचे लोक मुंबईच्या त्या आकड्यांकडे बघतात.

हे आकडे नुसते नशिबाने वाचले नाहीत हो, त्यामागे माणसं होती. नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय डायरेक्टर, त्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या चुंबकीय नोंदी नीट मांडून १९१० मध्ये दोन खंडांत छापून काढल्या, त्यामुळे त्या एका कपाटावर अवलंबून राहिल्या नाहीत, जगभरच्या ग्रंथालयांत पोचल्या. आणि त्याआधी त्यांनी आणखी एक काम केलं ते मला प्लॅनिंग म्हणून सगळ्यात भारी वाटतं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार हे ठरलं होतं, त्यांचा करंट जमिनीत पसरला की चुंबकीय रीडिंग बिघडणार हे वेधशाळेला कळलं होतं. मग ट्राम सुरू व्हायच्या आधीच समुद्रापलीकडे अलिबागला नवीन वेधशाळा बांधली, लोखंडाचा संपर्क टाळून, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. का, तर दोन जागांच्या आकड्यांमधला फरक किती हे कळावं आणि जुनी मालिका नवीन मालिकेला जोडता यावी. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे अडचण यायच्या आधी तयारी पूर्ण. अलिबागला अजून मोजमाप चालू आहे, त्यामुळे ही जगातल्या सगळ्यात लांब मालिकांपैकी एक झालीय.

आम्ही समाजशास्त्रवाले म्हणतो की आमचं काम वेगळं, आमच्याकडे आकडे कमी आणि माणसं जास्त. खरंय, पण म्हणूनच जास्त काळजी हवी. चुंबकाची संमती घ्यावी लागत नाही, माणसाची घ्यावी लागते.

आणि हा संमतीचा भाग मला जरा सविस्तर लिहायचाय, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि तेही चांगल्या हेतूने होतं. बऱ्याच कन्सेंट फॉर्ममध्ये एक वाक्य कुठून तरी कॉपी होऊन येतं, 'संशोधन पूर्ण झाल्यावर रेकॉर्डिंग नष्ट करण्यात येईल'. विद्यार्थ्याला वाटतं यामुळे एथिक्स कमिटी लवकर पास करेल. पण त्या वाक्यावर समोरच्या आजोबांनी सही केली की विषय संपला, ते रेकॉर्डिंग ठेवायचा तुम्हाला हक्कच राहत नाही. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ऐन तिशीत असलेले कामगार आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी सांगितलेलं पुन्हा विचारायला परत जाता येईलच असं नाही. नंतर घरी जाऊन मुलांकडून परवानगी घेता येते का, किती घ्यावी, यावर आमच्यात वाद होतात आणि त्याला सोपं उत्तर नाही, पण आधीच फॉर्म नीट केला असता तर वाद आलाच नसता.

फॉर्मवर टिक करायच्या वेगवेगळ्या चौकटी ठेवा. माझ्या थीसिससाठी वापरू का, पुढच्या अभ्यासकांना ऐकू देऊ का, आवाज सार्वजनिक करू का, नाव लावू की बदलू. शेवटचा प्रश्न विचारायचाच. आपण संरक्षण म्हणून सरसकट सगळ्यांची नावं काढतो, पण कितीतरी जुने कामगार उलट सांगतात, माझं नाव लिहा, गिरणीतलं खातं लिहा, मी युनियनमध्ये होतो ते पण लिहा. त्यांचं नाव काढून 'उत्तरदाता क्र. १२' करणं मला तरी अन्याय वाटतो. आणि ज्यांना खरंच नाव नको आहे त्यांच्या बाबतीत नुसतं नाव काढून भागत नाही, 'तिसऱ्या मजल्यावर राहणारे, साच्याखात्यात (मागांच्या विभागात) जॉबर (मुकादम) होते, दोन्ही मुली नर्स' एवढं ठेवलं तर अख्खी वाडी ओळखेल. नाव आणि नंबर जुळवणारी यादी वेगळी, पासवर्ड लावून, मुलाखतींच्या फोल्डरमध्ये अजिबात नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सूट आहे हे खरंय, पण सूट आहे म्हणून बेफिकीर राहायचं असं थोडीच आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. जुने ट्रान्स्क्रिप्ट तुमच्याकडे असतील तर आजच उघडून बघा. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळायच्या आधी आपल्याकडे श्रीलिपी, आयएसएमचे सुरेखसारखे फॉन्ट, असं सगळं चालायचं, आणि त्यात टाइप केलेलं मराठी हे कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतंच, ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर फक्त देवनागरी चित्र चढवलेलं असतं. फॉन्ट नसला की पानभर नुसती खुणांची खिचडी. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार कुठेतरी हमखास चुकतात, त्यामुळे मूळ फॉन्टचं नाव माहीत असताना आणि ऑडिओ हाताशी असतानाच रूपांतर करून घ्या आणि ऐकत ऐकत तपासा. नवीन काम सगळं युनिकोडमध्ये. एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या टेक्स्टमधली शीट) सेव्ह करताना यूटीएफ-८ (युनिकोडचाच प्रकार) वाला पर्याय निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि मूळ शीट फक्त एक्सेलच्या भरवशावर ठेवू नका. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार केसेस वेळेवर मोजल्याच गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत.

साठवायचं कसं यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, खरं तर तो सोपा भाग आहे. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक वेगळ्या जागी. मुंबईत हे वेगळ्या जागेचं फार मनावर घ्या, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास. घर आणि ऑफिस दोन्ही कुर्ला-कलिन्यात असेल तर त्या दोन जागा नव्हेत, एकच. खर्चाचा हिशोब पण आधी करा: चांगल्या क्वालिटीचं स्टिरिओ डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ऑडिओ फाइल) रेकॉर्डिंग तासाला साधारण ६०० एमबी होतं, दीड दीड तासाच्या ४० मुलाखती म्हणजे ३६ जीबी, तीन कॉपी धरल्या तर १०८. फार नाहीये, पण फुकटच्या अकाउंटवर मावत नाही आणि मग लोक व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ फाइल डिलीट करतात, तसं करू नका. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा, म्हणजे फाइलवरून निघालेला एक लांबलचक आकडा, फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी तो बदलतो, त्यामुळे पाच वर्षांनी कॉपी शाबूत आहे का हे न ऐकता कळतं.

कॉलेजच्या क्लाउड अकाउंटवर ठेवलंय, हे ऐकलं की मी लगेच विचारते, कॉलेज सोडल्यावर अकाउंट किती दिवस चालू राहतं? बहुतेकांना माहीत नसतं. माझ्या ओळखीच्या एका संशोधकाचं अख्खं फील्डवर्क कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर बंद झालेल्या अकाउंटमध्ये अडकलं, संस्थेचं नाव नको, पण त्याने किती अर्ज केले ते मी बघितलंय.

२०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ पेपरांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागितला, तर पेपर जितका जुना तितका डेटा मिळणं अवघड, दर वर्षी डेटा मिळण्याचे ऑड्स (मिळण्याच्या आणि न मिळण्याच्या शक्यतेचं प्रमाण) १७ टक्क्यांनी घटत होते. ईमेल बंद झालेले, नाहीतर डेटा अशा डिस्कवर ज्या वाचायला मशीनच नाही. ते वनस्पती-प्राण्यांवरचे पेपर होते, पण कारणं आपल्या डिपार्टमेंटमधलीच वाटतात.

म्हणून प्लॅनमध्ये 'कोण' या रकान्यात नाव हवं, आणि नाव नुसतं विद्यार्थ्याचं नको. गाइड रिटायर होणार असतील तर लायब्ररीतलं पद लिहा, माणूस बदलला तरी खुर्ची राहते. ज्याची परवानगी आहे तेवढा डेटा रिपॉझिटरीत, म्हणजे डेटाच्या ऑनलाइन संग्रहात, टाका. झेनोडो आहे, सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेलं, एका रेकॉर्डला ५० जीबीपर्यंत फुकट, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, आणि मर्यादित प्रवेशही ठेवता येतो. शीटच्याच फोल्डरमध्ये रीडमी नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवा, त्यात ९ म्हणजे काय ते लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल.

ज्यांच्या घरी जुन्या मुलाखतींच्या कॅसेट आहेत त्यांना एक विनंती. या पावसाळ्यात बुरशी धरायच्या आत बाहेर काढून यादी करा, कुणाची मुलाखत, कुठे, साधारण कुठल्या वर्षी, कुणी घेतली, आठवतं तेवढं सगळं. बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्यावी लागते. डिजिटायझेशन नंतर पैसे जमले की होईल, यादी करायला वही पुरते.