शाळा समितीत निवडून आलात? मग आधी खिचडीच्या खोलीत जा

विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. २०२५ मध्ये तिकडे १६ जूनला घंटा झाली, इकडे २३ जूनला, आणि पहिला आठवडा सकाळपाळीचा. मृग कोरडा गेला की जूनच्या शेवटीही टिनाखाली बसवत नाही, त्यामुळे ही सवलत रास्तच आहे. पहिल्या दिवशी पोरांच्या हाती फूल येते, नवी पुस्तकं येतात, पाहुण्यांची भाषणं होतात, फोटो निघतात. त्या गडबडीत एक खोली मात्र कोणी उघडून पाहत नाही. उन्हाळाभर तांदळाची पोती जिथं कुलपात पडून असतात, ती.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्यात, असा कायदा आहे. कागदावर त्या असतातच. बैठकीत मात्र "आम्ही शिकलेल्या नाही, आम्हाला काय समजते" म्हणून अंगठा उठवतात आणि वावरात निघून जातात. भागाकार नीट शिकवला की नाही, हे जोखायला शिकलेलं असावं लागत असेल. पोषण आहार, म्हणजे शाळेतली दुपारची खिचडी, जोखायला घरात रोज भात-वरण रांधलेलं असलं म्हणजे झालं. उलट या कामात शिकलेला पुरुष सदस्य बहुतेक कुचकामी ठरतो. चार किलो तांदळाला पाणी किती लागते, हे त्याला ठाऊक नसते.

आता आकडे. पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात. यातून लहानाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशेब आहे. ग्रॅम पाठ करायची गरज नाही. चौथीपर्यंतची शाळा आणि ४२ पोट्टे हजर, असं धरा. तांदूळ ४ किलो २०० ग्रॅम, डाळ पाऊण किलोहून थोडी जास्त, म्हणजे ८४० ग्रॅम, भाजी २ किलो १०० ग्रॅम, तेल २१० ग्रॅम. पन्नास किलोचं पोतं अशा शाळेला १२ दिवस पुरते, त्यातही शेवटच्या दिवशी ओढाताण होते. आठ दिवसांतच पोतं संपत असेल तर तांदूळ पाय लावून जातो आहे. वीस दिवस पुरत असेल तर लेकरं अर्धपोटी उठताहेत, नाहीतर मांडलेली हजेरी आणि ताटावरची हजेरी वेगळी आहे. हजेरीपटाकडे पाहूच नका, धुवायला आलेली ताटं मोजा. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि कापूस वेचणीच्या हंगामात तर नक्की मोजा, कारण पटावरचा आकडा आणि ताटांचा आकडा त्याच दिवसांत सर्वांत जास्त फाटतो.

एवढ्या तांदूळ-डाळीची खिचडी अडीच-तीनपट पाण्यात शिजून, भाजी धरून, अठरा ते वीस किलो होते. पहिलीचं पोरगं कमी खाते, चौथीचं जास्त, पण सरासरी ताटात दोन भरलेले डाव पडले पाहिजेत. शिजवणारी बाई डाव अर्धाच भरून वाढत असेल तर तिच्यावर ओरडू नका, गंजात (मोठ्या पातेल्यात) किती आहे ते पाहा. मुळात कमी शिजवलं असेल तर ती बिचारी सर्वांना पुरवायला बघते.

डाळीचं वजन कोणी करत नाही आणि खरी गळती तिथेच होते. खिचडी पिवळी दिसते ती हळदीनं, तेव्हा रंगावर जाऊ नका. डाव गंजाच्या तळापर्यंत घालून वर काढा आणि डाळ दिसते का ते बघा.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णाकाठच्या अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या गावांत, डाळीचं दुखणं वेगळंच. तिथं डाळ पूर्ण घातली तरी ती शिजतच नाही. पाण्यातले क्षार डाळीच्या सालीला आणि गराला घट्ट धरून ठेवतात. दोन तास जाळ घातला तरी दाणा दाताखाली कचकन लागतो, आणि लेकरं तो वेचून ताटाच्या कडेला ठेवतात. मग बाई खाण्याचा सोडा टाकते. डाळ मऊ पडते हे खरं, पण सोड्यानं ब जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि चवही साबणासारखी येते. उपाय सोपा आहे. स्वयंपाकापुरतं पाणी नळयोजनेचं किंवा फिल्टरचं घ्या, बोअरचं खारं पाणी भांडी घासायला ठेवा. बारा-पंधरा लिटर पाण्याचाच प्रश्न आहे. शाळा भरताच त्याच गोड्या पाण्यात डाळ भिजत घाला. भेदरं (टोमॅटो), चिंच, कैरी, जे काही आंबट असेल ते डाळ शिजल्यावर टाका. आंबट आधी पडलं की चांगल्या पाण्यातही डाळ अडते. घरी हे सर्वांना माहीत असते. शाळेत मात्र फोडणीत भेदरं टाकून त्यावर सगळं एकदम ओतायची घाई होते, कारण पन्नास लेकरांची मधली सुटी डोक्यावर असते.

जळणाचीही गोष्ट आहे. सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते आणि चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाते. पऱ्हाटीचा जाळ भडकन उठतो आणि तसाच बसतो. मोठ्या गंजाखाली तो चालत नाही. बूड करपते आणि वरचा तांदूळ कच्चा राहतो. पऱ्हाटी पेटवायला घ्या, शिजवायला बाभळीचं नाहीतर दुसरं जाड लाकूड लावा. पावसाळ्यात लाकूड भिजू नये म्हणून निदान आठवड्याचा साठा आत ठेवावा लागतो. अर्थात तांदळाच्या खोलीत नाही. ओल्या लाकडाबरोबर ओल आणि वाळवी दोन्ही आत येतात.

आता ती खोली. पोतं जमिनीला आणि भिंतीला टेकलेलं असेल तर पहिल्या पावसातच ओल ओढते. खाली फळ्या किंवा विटांवर टाकलेल्या पाट्या हव्यात, भिंतीपासून वीतभर अंतर हवं, आणि जुनं पोतं पुढे, नवं मागे. नेमकं उलट होते. ट्रक येतो, हमाल नवी पोती पुढ्यात टाकून जातो, आणि मागचं पोतं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथंच राहते. सोंडे (धान्यातले किडे) झाले असतील तर तांदूळ चाळून सकाळच्या उन्हात पसरा, ते निघून जातात. जाळी धरून गोळे झाले असतील, कुबट वास येत असेल किंवा हिरवट बुरशी दिसत असेल, तर तो तांदूळ धुऊन वापरू नका. बुरशीचं विष धुतल्यानं जात नाही. समितीसमोर पंचनामा करा, वजन लिहा, पोतं बाजूला काढा. आणि घरच्या कोठीत टाकतात ती सल्फासची, किडे मारायची विषारी गोळी शाळेत नको म्हणजे नको. तिचा वायू भिंतीपलीकडे बसलेल्या वर्गात जातो.

ट्रकवरून आठवलं. माल उतरतो तेव्हा दोन शिक्षकांच्या शाळेत एक वर्गावर आणि दुसरा केंद्राच्या बैठकीला असतो. ड्रायव्हरला पुढची दहा गावं उरकायची असतात, त्यामुळे पावतीवर न तोलताच सही होते. हमालाच्या आकड्यानं भोकं पडलेल्या पोत्यातून तांदूळ वाटेभर सांडत आलेला असतो. गावात कापूस किंवा सोयाबीन घेणाऱ्याकडे काटा असतोच. माल येणार त्या दिवशी तो मागून आणा, निदान दोन-तीन पोती तोला, आणि जे भरलं तेच पावतीवर लिहायला लावा. कमी भरलं म्हणून मास्तराशी भांडू नका. त्यालाही तेवढंच हवं असते, फक्त पाठीशी कोणी उभं नसते.

गेल्या काही वर्षांत तांदळात मधूनच पिवळसर, जरा वेगळे दाणे दिसतात आणि "प्लास्टिकचा तांदूळ आला" अशी बोंब उठते. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रावर दाण्यासारखा आकार देतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. पाण्यात त्यातले काही तरंगतात, म्हणून बाया निवडताना नेमके तेच फेकून देतात. ते राहू द्या. तांदूळ पाच-सहा पाण्यांत चोळून धुऊ नका, एक-दोन पाणी पुरे. भात शिजवून वरचं पाणी ओतून देण्याची सवय असेल तर तीही सोडा.

एक गोष्ट मात्र जरा कडक सांगावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये गावभर फवारणी सुरू होते आणि औषधाचे रिकामे डबे उकिरड्यावर, नाल्यात, कधी कुणाच्या ओसरीत पडलेले असतात. धुतला की डबा चांगला दिसतो, झाकणही घट्ट बसते. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं, आपल्याकडच्या कपाशीवर वर्षानुवर्षं मारलं गेलेलं तेच औषध. तेव्हा तेल, पाणी, मीठ कशालाच औषधाचा डबा वापरायचा नाही, अगदी झाडलोटीच्या पाण्यालाही नाही. तेलाला वास किंवा चव वेगळी लागली तर तिथंच थांबा. वाढण्यापूर्वी मोठ्या दोघा-तिघांनी, त्यात एक शिक्षक धरून, अन्न चाखायचं असा नियम आहे. चव नोंदवहीत महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच दिवशी झालेल्या असतील, तर ते तुम्हाला अक्षर न वाचताही कळेल. शिजलेल्या अन्नातलं वाटीभर झाकून चोवीस तास बाजूला ठेवायला लावा. काही झालंच तर तपासायला तेवढंच हाती असते.

पैशांचं थोडक्यात. १ मे २०२५ पासून लहानासाठी रोज ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यासाठी १० रुपये १७ पैसे असा साहित्याचा दर ठरला. तांदूळ त्यात धरलेला नव्हता. त्या दरानं आपल्या ४२ पोरांच्या शाळेचे दिवसाचे २८४ रुपये ७६ पैसे होतात, आणि डाळ, तेल, मसाला, भाजी, जळण सारं त्यातच. रक्कम उशिरा येते, तोवर मुख्याध्यापक दुकानदाराकडे उधारी करतो. आठवड्याला एक अंडं २०२३ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालं होतं, २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी पैसा थांबला. शिजवणाऱ्या बाईला महिन्याला अडीच हजार मानधन, तेही कधी दोन-तीन महिने थकते. एवढ्यावर ती धूर खात उभी राहते, हे लक्षात ठेवून बोला.

तांदूळ संपला, गॅस नाही, बाई आली नाही म्हणून ज्या दिवशी जेवण मिळालं नाही, त्या दिवसाचं धान्य आणि पैसे लेकराला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवेत. अन्नसुरक्षा कायद्याखालचे २०१५ चे नियम तसं सांगतात. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खाडा पडला तर जबाबदारी कोणाची, हे सरकारला ठरवावं लागते. सरकार फुकट देते म्हणून गप्प बसायचं कारण नाही. बैठकीच्या कार्यवृत्तात तारखा लिहून घ्या आणि त्याची प्रत पंचायत समितीत पोषण आहाराच्या अधीक्षकाकडे द्या. तोंडी तक्रार केंद्रप्रमुखाच्या पुढे सरकत नाही.

भाजीला मात्र सरकारची वाट पाहू नका. हात धुण्याचं पाणी जिथं वाहून जाते तिथं नाली वळवून दोन वाफे काढा. पावसाळ्यात चवळी, वांगं, पालक, कुपावर (कुंपणावर) कोहळं आणि लवकीचा (दुधीचा) वेल, दिवाळीनंतर सांबार (कोथिंबीर) आणि मेथी. बकऱ्या पहिल्याच आठवड्यात सगळं साफ करतात, म्हणून आधी बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि मगच बी. शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी जूनच्या पहिल्या पावसावर लावली तर पोळ्यापर्यंत पाला वरणात टाकण्याजोगा होतो. शेंगांना वर्ष लागते, आणि शेंडा वेळेवर छाटला नाही तर त्या काढायला शिडी लागते.