सभा उधळली जाऊ नये म्हणून : अमेरिकन विद्यापीठातला माझा अनुभव

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात विद्यार्थी संघटनेला वादग्रस्त वक्ता बोलवायचा असेल, तर पहिला खटका निदर्शकांशी उडत नाही, बंदोबस्ताच्या बिलावरून उडतो. आम्हाला हॉलच्या अर्जासोबतच खर्चाचा अंदाज मिळाला. असा आकडा मान्य करण्याआधी तो कसा काढला हे लेखी मागावं. हॉलची क्षमता, तिकीटविक्री, बाहेरच्यांना प्रवेश आहे की नाही, हे निकष चालतात. ‘विरोध होईल म्हणून जादा पोलीस, आणि पैसे तुमचे’ हे चालत नाही. श्रोते चिडतील या अंदाजावर शुल्क ठरवता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली फोर्सिथ काउंटीच्या खटल्यात सांगितलं आहे. आम्ही पत्रात त्याच निकालाचा हवाला दिला. खासगी विद्यापीठांना मात्र पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे अमेरिकन राज्यघटनेतली भाषणस्वातंत्र्याची हमी, थेट बंधनकारक नसते. तिथे त्यांचीच नियमावली काढून बसायचं.

मग निदर्शकांशी बोलणी. हे टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, पण विरोध करण्याचा हक्क त्यांनाही तितकाच आहे. बाहेरची जागा दारातून दिसेल अशी द्यावी. कोपऱ्यात ढकललं की माणसं आत येतात. आत बिनकाठीचे फलक मागच्या रांगेत चालतात. सभात्याग, पाठ फिरवून उभं राहणं, एखादी आरोळी, हेही चालू द्यावं. भाषण पुढे सरकेनासं झालं, की हद्द संपली.

अवघड असते ती साखळी. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन संकुलात इस्रायलच्या राजदूतांच्या भाषणात विद्यार्थी एकेक करून उठले, ओरडले आणि बाहेर गेले. प्रत्येकाचा व्यत्यय छोटा, पण भाषण पुन्हापुन्हा तुटलं. पुढच्या वर्षी दहा जण न्यायालयात दोषी ठरले. म्हणून इशारा एकट्यादुकट्याला न देता सगळ्या सभागृहाला उद्देशून द्यायचा, म्हणजे पुढच्या माणसाला ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणता येत नाही.

इशाऱ्याचा मजकूर आधीच छापून ठेवावा. तीन वाक्यं पुरतात: व्यत्यय थांबवा, बाहेर निदर्शनांना जागा आहे, पुन्हा झालं तर बाहेर काढलं जाईल आणि शिस्तभंगाची कारवाई होईल. वाचणारा विद्यापीठाचा अधिकारी हवा, संघटनेचा कार्यकर्ता नको, आणि त्याने त्यात स्वतःची भर घालू नये. मार्च २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लॉ स्कूलमध्ये गोंधळ झाला तेव्हा एका सहयोगी डीननी व्यासपीठावर येऊन वक्त्यालाच लांबलचक सुनावलं. मग नियम सांगणार कोण? दुसऱ्या इशाऱ्यानंतर बाहेर काढण्याचं काम पोलिसांचं. स्वयंसेवकांनी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही.

पर्यायी खोली आणि थेट प्रक्षेपणाची सोय हवीच, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. मिडलबरी कॉलेजात मार्च २०१७ मध्ये वादग्रस्त लेखक चार्ल्स मरींचं भाषण उधळल्यावर त्यांना बंद खोलीत नेऊन प्रक्षेपण केलं, तर तिथे फायर अलार्म ओढले गेले. नंतर गाडीकडे जाताना झटापट झाली आणि सोबतच्या प्राध्यापिका जखमी झाल्या. तेव्हा अग्निसुरक्षेचा माणूस इमारतीत हजर ठेवावा, आणि गाडी मागच्या दाराशी, तोंड रस्त्याकडे करून, प्रश्नोत्तरं सुरू होण्याआधीच लावून घ्यावी.